पेरूचा जॅम

“झाला का गं?” मी विचारलं.

“बशी दे, मग सांगते.”

टोपात पेरूचा गर रटरटत होता. मी डावानं थेंबभर जॅम बशीत घेतला, बशी तोंडाशी धरून तीनदा फुंकर घातली आणि आगनेसपुढे केली. तिनं डाव्या हाताचा अंगठा न् दोन बोटं त्यात टेकवली आणि चिमूट हळूच उघडली. बोटांमध्ये तार धरली, पण मध्येच तुटली.

“अजून दहा मिनिटं,” ती म्हणाली आणि बोटं चाटून मोकळी झाली.

आमच्या घरी जॅम असाच जोखायचा. आयनं तो कॉन्व्हेंटच्या मदरकडून शिकून घेतला होता आणि मदरनं जे दाखवलं त्यात आयनं काडीचाही बदल केला नव्हता. एकीनं डाव धरायचा, फुंकर घालायची, दुसरीनं बोटात धरून ओढायचा. तार तुटली नाही की टोप उतरवायचा. फुंकर घातली तरी जॅम काही लगेच निवत नाही, आणि पेरूचा गर तर महा चिवट, ऊन धरून बसतो. माझी बोटं भाजायची, आयची भाजायची. आगनेसची तेवढी भाजायची नाहीत, कारण ती व्हायोलिन वाजवायची. रोज दोन-दोन तास तारा दाबून तिच्या डाव्या हाताच्या बोटांना टोकाशी घट्टे पडले होते. आय म्हणायची, आगूच्या बोटांना देवानं बूट घालून दिलेत. म्हणून तार बघायचं काम आगूचं आणि डाव माझा.

मी आता ऐंशीची आहे. ही गोष्ट एकोणसत्तर सालची, आमच्या भुईगावातली. मी चोवीस वर्षांची होते, माझी धाकटी बहीण आगनेस एकोणीसची. बाबा जाऊन सात वर्षं झाली होती. मागच्या वाडीतली सहा पेरूची झाडं, आयचा जॅम आणि भिंतीवर टांगलेलं बाबांचं व्हायोलिन एवढीच आमची इस्टेट. माझं नाव रेमेत. गावात म्हणायचे, रेमेतशी बोलायला जायचं तर आधी पाणी पिऊन जावं. त्यात खोटं काही नव्हतं.

तर त्या दिवशी ती दहा मिनिटं संपायच्या आत मागच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पांढरा सूट, बुटांना आमच्या वाडीचा चिखल, हातात हॅट. सकाळी गावात लग्न होतं आणि चर्चमध्ये आगनेसनं वाजवलं होतं. हा नवऱ्या मुलाच्या बाजूनं मुंबईहून आलेला. नाव सांगितलं मॅक्सी. मुंबईत एका मोठ्या हॉटेलात त्याचा बँड होता. जेवणाचा मांडव सोडून, घर विचारत विचारत आला होता.

आगनेसनं नेमकी तेव्हाच पुन्हा बशीत बोटं घातली. तो एकदम पुढे झाला.

“अगं पोरी, हात जाळून घेशील!”

कोपऱ्यात पेरू चिरणारी आय धरून आम्ही तिघीही हसलो. आयनं त्याला बुटांची गोष्ट सांगितली. त्यानं आगनेसचा हात आपल्या हातात घेऊन घट्ट्यांवरून अंगठा फिरवला, पण तो हसला नाही. म्हणाला, “मावशी, असा हात मी टोपापाशी जाऊ दिला नसता.” मला राग आला. आमच्या टोपावर आम्ही जगत होतो आणि हा कोण टिकोजीराव आला सांगणारा.

मग त्यानं कामाचं काढलं. त्याचा व्हायोलिनवाला बँड सोडून निघाला होता. जानेवारीपासून सहा महिने बँड कलकत्त्याला वाजवणार होता, तिथल्या हॉटेलशी करार झाला होता. नवं माणूस हवं होतं. सकाळी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा मध्येच चुकला आणि आगनेसनं न थांबता दुसरीकडून सूर उचलून त्याला परत वाटेवर आणलं, ते त्यानं ऐकलं होतं. गावात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या आलं होतं, पण मी बोलले नव्हते.

“दर रविवारी सकाळी आमच्या हॉटेलात जॅम असतो,” तो म्हणाला. “सगळे वाजवणारे जमतात. कुणासमोर कागद नसतो. एकानं धून सुरू करायची, दुसऱ्यानं उचलायची. महिन्यानं, नाताळच्या आधीच्या रविवारी हिला घेऊन या. बँड ऐकेल, मी ऐकेन. जमलं तर बुधवारी आमच्याबरोबर गाडीत.”

आयचा चेहरा बघण्यासारखा झाला. “वाजवण्याला जॅम म्हणतात?”

“म्हणतात खरे. सगळं एका टोपात घालून ढवळतात म्हणून असेल.”

“मग टोप उतरवायचा कधी, ते कुणाला कळतं?”

“ते आम्हाला अजून कळलेलं नाही, मावशी,” तो म्हणाला, आणि आता मात्र मनापासून हसला. जाताना आयनं त्याला बशीतला जॅम पावाला लावून दिला. तो त्यानं उभ्या उभ्या खाल्ला.

तो गेल्यावर आगनेस टोपाशी आली. नुसती टोप ढवळत राहिली, डाव माझ्या हातातून काढून घेऊन. मला वाटलं होतं आय साफ नाही म्हणेल. तरणी मुलगी, हॉटेलातला बँड, कलकत्ता. मी मनातल्या मनात आयचे शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण आयनं संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर माळ खिशात टाकली आणि म्हणाली, “जाऊ दे तिला. तुझ्या बाबांना किती आवडलं असतं.”

“आणि टोप?” मी विचारलं.

“तू आहेस ना.”

हे तीन शब्द मी सात वर्षांपूर्वीही ऐकले होते. तेव्हा मी सतराची होते. व्हायोलिन बाबांनी मला शिकवलं होतं, आगनेसला नाही. ती लहान होती. सहाव्या वर्षापासून माझ्या हनुवटीखाली ते व्हायोलिन होतं आणि चर्चमध्ये बाबांच्या शेजारची खुर्ची माझी होती. बाबांना मूठमाती देऊन आलो त्याच्या आठव्या दिवशी आयनं ते माझ्या हातातून घेतलं, भिंतीवर टांगलं आणि हातात डाव दिला. मी म्हटलं, घर कसं चालायचं? आय म्हणाली, तू आहेस ना. पुढं आगनेस बारा-तेराची झाली, ते खाली काढून खरवडू लागली, तेव्हा तिला बोटं कुठं ठेवायची ते मीच दाखवलं. जॅमनं चिकट झालेल्या हातांनी दाखवलं. स्वतः वाजवलं मात्र नाही. हट्टानंच नाही.

आणि आता तर नंदाखाल गावचा पास्कू घोन्साल्विस माझ्यासाठी दोन वर्षं थांबला होता. ठरलं असं होतं की आगनेस हाताशी आली की टोप न् आय तिच्याकडे सोपवायची आणि मी लग्न करून जायचं. पास्कूच्या वडिलांनी बजावून ठेवलं होतं, ईस्टरनंतर लग्न, त्यापुढे एक दिवस थांबणार नाही. आगनेस कलकत्त्याला गेली तर आयला एकटीला चाळीस-चाळीस बाटल्यांचा टोप उचलवायचा नाही. म्हणजे मी राहणार. म्हणजे पास्कू गेला. हे आयला कळत नव्हतं असं नाही. ती म्हणाली, “घोन्साल्विस माणसं चांगली आहेत, सांगून बघू.” मी म्हटलं, “सांग. तेही म्हणतील, रेमेत आहे ना.” आयला त्यातला टोमणा कळला नाही, की कळूनही तिनं सोडून दिला, कोण जाणे.

आगनेसला मात्र सगळं कळत होतं. दुसऱ्या दिवशी पेरू चिरता चिरता ती म्हणाली की पहिल्या महिन्यापासून पैसे पाठवीन, टोपाला बाई ठेवू, आणि तू खुशाल लग्न कर. मी तिला उडवून लावलं. बाई ठेवणार म्हणे, बाईला काय तार कळणार आहे. आज वाटतं, कळली असती. गावात दहा बायका होत्या. पण मला ते तिच्याकडून घ्यायचं नव्हतं.

तो महिना ती घरभर वाजवत होती. पहाटे, दुपारी, टोप चुलीवर असतानासुद्धा. आणि मला, तिच्या बायला, ऐकवायची. “बाय, ऐक ना, इथं काहीतरी बिघडतंय.” मी गर चाळता चाळता सांगायची, तिसरा सूर चढा लागतोय, बोट केसभर मागं घे. ती मागं घ्यायची आणि सूर असा काही बसायचा की चाळण तशीच धरून मी ऐकत राहायची. एकदा ती म्हणाली, “सात वर्षं हात लावला नाहीस, तरी तुला कसं गं कळतं?” मी म्हटलं, “टोपाशी कान मोकळे असतात.” ती हसली. तिला तो विनोद वाटला.

मी तिचा द्वेष करत नव्हते, हे लिहून ठेवते. तिच्यासाठी मुंबईला घालायचा पोशाख मीच शिवला, निळा, गळ्याला लेस लावून. रात्र रात्र बसून शिवला. माणसाच्या मनात एका वेळी एकच असतं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं कधी भावंडांत दिवस काढले नसतील.

शनिवार आला. नाताळची शेवटची ऑर्डर त्या दिवशी पुरी करायची होती, त्यामुळे मोठा टोप चढवला होता. आय दुपारी आजारी मावशीला बघायला गेली. घरात आम्ही दोघीच. आगनेस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, डोळे मिटून. उजव्या हातानं हवेत व्हायोलिनचा गज ओढत होती आणि ओठातल्या ओठात धून म्हणत होती. दुसऱ्या दिवशी वाजवायची ती. चेहरा असा दिसत होता की ती भुईगावात नव्हतीच, कलकत्त्याला पोचली होती.

टोपातले बुडबुडे जड झाले. मी हाक मारली, “आगू, तार बघ.”

तिनं डोळे उघडले नाहीत. उजवा हात हवेतच चालू होता. डावा हात तिनं माझ्याकडे पुढे केला, तळवा वर करून, लहान मूल खाऊ मागतं तसा.

“बशी दे, बाय.”

मी डाव टोपात बुडवला, बशीत जॅम घेतला आणि बशी तिच्या हाताखाली धरली. तिनं बोटं त्यात घातली.

तिची किंकाळी मला अजून ऐकू येते. हात तिनं झटकला, पण जॅम काही पाणी नव्हे झटकून जायला. झटकला तसा तो दुसऱ्या बोटांवर पसरला. ती उजव्या हातानं ओरबाडून काढायला गेली. मी बादलीत तिचा हात कोपरापर्यंत बुडवला. पाण्यात जॅमचा गोळा सुटला आणि त्याच्याबरोबर कातडी आली. घट्टे, बूट, सगळं आलं. अंगठा न् तीन बोटं टोकापासून पहिल्या पेरापर्यंत लाल मांस झाली होती. मी रडत होते. तोंडानं देवा, देवा म्हणत होते. आगनेस रडत नव्हती. एका किंकाळीनंतर ती बादलीकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

मी कोरफड आणली, जुनं धोतर फाडून पट्ट्या बांधल्या. मग टोप उतरवला. काय सांगू, त्या दिवशीचा जॅम इतका सुरेख लागला होता की तसा आधी कधी लागला नव्हता आणि पुढंही नाही. रंग माणकासारखा. तो मी बाटल्यांत भरला, वर मेण ओतलं. हाताला काहीतरी काम हवं होतं.

आय आली, पट्ट्या बघून विचारत सुटली. काय झालं, कसं झालं, कुणी केलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आगनेस म्हणाली, “माझंच लक्ष नव्हतं, आय. डोळे मिटून बसले होते.” आयनं तिलाच चार शब्द सुनावले आणि मग तिला पोटाशी धरून रडली. मी उभी होते. मग बाटल्या पुसायला घेतल्या.

मला वाटलं संपलं. पण आगनेस म्हणाली, उद्या मी जाणार. वाजवता येत नाही तर निदान तोंडानं सांगून येईन, माणूस वाट बघत बसेल. आणि व्हायोलिन बरोबर घेतलं. आयनं एक बाटलीही दिली मॅक्सीसाठी, कालच्या टोपातली, नाताळची भेट म्हणून. सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी निघालो. निळा पोशाख तिनं घातला होता. पेटी मी धरली होती, कारण तिला धरता येत नव्हती.

हॉटेलचा तो हॉल मोठा होता, सकाळी दहालासुद्धा दिवे लावलेले. पाच-सहा जण वाजवत होते, टेबलांवर माणसं कॉफी पीत ऐकत होती. खरंच कुणासमोर कागद नव्हता. पियानोवाल्यानं एक ओळ वाजवली की दुसरा ती तोंडातला घास काढून घ्यावा तशी काढून घ्यायचा, उलटीसुलटी करायचा आणि पुढच्याला द्यायचा. आगनेस दारातच उभी राहिली. पट्ट्यांतली बोटं तिच्या फ्रॉकवर ठेका धरत होती. दुखत असणार, पण तिच्या ध्यानात नव्हतं.

मॅक्सीनं आम्हाला बघितलं आणि हसत आला. मग त्याला पट्ट्या दिसल्या.

“काय झालं?”

“जॅम,” आगनेस म्हणाली.

तो तिच्यावर रागावला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, “मी सांगितलं होतं.” एवढंच. मी विचारलं, पुढच्या रविवारी चालेल का, महिन्यानं चालेल का, तोवर बोटं भरून येतील. तो म्हणाला, बुधवारची गाडी आहे, तिकिटं काढलीत, आज एक दुसराही मुलगा आलाय. कोपऱ्यात एक सडपातळ मुलगा व्हायोलिन पुसत बसला होता, तो त्यानं दाखवला.

मी पेटी उचलली. निघायचंच होतं. तेवढ्यात आगनेस म्हणाली, “माझी बहीण वाजवते.”

मी पेटी पुन्हा खाली टेकवली.

“बाबांनी आधी तिलाच शिकवलंय,” ती मॅक्सीला म्हणाली. “माझ्यापेक्षा तिचा कान चांगला आहे. तिला ऐका.” आणि एका हातानं पेटीची कडी उघडून व्हायोलिन माझ्यापुढे धरलं.

मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. सात वर्षांनी ते माझ्या हनुवटीखाली गेलं. बाबांच्या केसांच्या तेलाचा वास अजून त्याला होता. मॅक्सीनं पियानोवाल्याला खूण केली, त्यानं एक सोपी ओळ वाजवली आणि थांबला. मी ती जशीच्या तशी वाजवली. सूर एकही चुकला नाही. त्यानं दुसरी दिली, मी तीही तशीच दिली. पण मग तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला, आता तू दे म्हणून. मला काही सुचेना. माझ्यात द्यायला काही नव्हतं. मी चर्चचं एक गाणं सुरू केलं, तर तारा मऊ बोटांत सुरीसारख्या रुतायला लागल्या. अर्ध्यात थांबले. टेबलांवरची माणसं कॉफी पीत होती, कुणी हसलंबिसलं नाही. मॅक्सी म्हणाला, “छान आहे. कान छान आहे.” आणि त्या सडपातळ मुलाला हाक मारली.

निघताना मी त्याला बाटली दिली. त्यानं तिथंच मेण फोडलं, चमच्यानं जॅम तोंडात घातला आणि डोळे मिटले. “हे बघा, हे तुमचं,” तो मला म्हणाला. “यात तुमचा हात कुणी धरणार नाही.” चांगल्या मनानं म्हणाला होता तो. मला वाटलं ती बाटली त्याच्या पांढऱ्या सुटावर उपडी करावी.

गाडीत आगनेस खिडकीशी बसली होती. ती आतल्या आत धून म्हणत होती की नाही ते मी बघितलं. ओठ हलत नव्हते.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. ईस्टरनंतर माझं लग्न लागलं, मी नंदाखालला गेले, पास्कूबरोबर बावन्न वर्षं काढली, तीन मुलं झाली. आगनेसनं टोप सांभाळला, आयला सांभाळलं, आय गेल्यावर एकटीनं टोप सांभाळला. लग्न केलं नाही. तिच्या जॅमचं नाव झालं, पार विरारपर्यंत. दर नाताळला माझ्याकडे एक बाटली येते. मुलांना वाटतं, मला गोड सोसत नाही म्हणून मी खात नाही.

पण एक सांगायचं राहिलं. तिची बोटं तीन आठवड्यांत बरी झाली. डॉक्टर म्हणाला, नशीब, आत काही झालं नाही, घट्टे पुन्हा येतील. नवी कातडी आली, गुलाबी, तान्ह्या मुलासारखी. व्हायोलिन भिंतीवरच होतं. आठवडा गेला, दुसरा गेला, तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. शेवटी एका दुपारी मीच ते खाली काढलं, पुसलं, तारा जुळवल्या आणि चुलीशी तिच्यापुढे धरलं. टोप चढवलेला होता.

“घे,” मी म्हटलं. “बोटं बरी झालीत. कलकत्ता नाही तर दुसरं काही येईल. बाबांचं वाया घालवू नकोस.”

“बोटांचं काही नाही, बाय.”

“मग काय आहे?”

ती टोपाकडे बघत होती. “तू फुंकर घातली नाहीस,” ती म्हणाली.

“विसरले” हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. घाईत होते, टोप करपत होता, थेंबाऐवजी पळीभर पडला. सगळं तयार होतं, महिनाभर तयार होतं. पण मी विसरले नव्हते. मी बशी तोंडाशी नेली होती, ओठ गोल केले होते आणि तिच्या हवेत चाललेल्या हाताकडे बघितलं होतं. मग बशी तशीच खाली आणली.

“मला वाटलं तुलाच वाजवायचंय,” ती म्हणाली. “म्हणून तिथं तुझ्या हातात दिलं. म्हटलं, निदान त्यासाठी असेल. पण तुला तेही नको होतं.”

“आगू, तुझे डोळे मिटलेले होते,” मी म्हटलं. “तुला काय माहीत मी काय केलं?”

“डोळे मिटले होते. कान नव्हते मिटले.” ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. “फुंकर ऐकू आली नाही मला. तरी बोटं घातली. म्हटलं, बशी बायच्या हातात आहे.”

मी व्हायोलिन धरून उभी होते. तिनं डाव घेतला, बशीत थेंब सोडला, स्वतःच तीनदा फुंकर घातली आणि ती गुलाबी बोटं त्यात टेकवली. चटका बसला असणार, पण तिनं बोटं काढली नाहीत. चिमूट उघडली. तार तुटली नाही.

“झाला,” ती म्हणाली. “उतरव.”

मी व्हायोलिन भिंतीला लावलं आणि टोप उतरवला.